श्रोत्याच्या हातातले कीर्तन

कीर्तन ऐकणाऱ्याने नुसते ऐकावे की अंगानेही काही करावे, हा भक्तिमार्गातला जुना प्रश्न आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे. पण पादसेवन, अर्चन, वंदन या देहाने करायच्या भक्तीही त्याच नवांत मोडतात. वारकरी कीर्तनात टाळकरी पाठीशी उभे राहून धृपद उचलून धरतात, पावली टाकतात. समोर बसलेला समुदाय मात्र बहुतेक वेळ श्रोताच असतो. वऱ्हाडात या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर अकोल्याच्या कावडीचे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी शिवभक्त गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी खांद्यावर आणतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. इथे चालणे हीच पूजा. खांद्यावरचा भार, रात्रभराची वाट आणि सगळ्यांची एक लय यांत माणसाचे वेगळेपण काही काळ विरते. देह देवाला वाहिला जातो.

दुसरे उत्तर तुकडोजी महाराजांचे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या खंजिरी भजनाने गावेच्या गावे जमत. पण त्यांनी रुजवली ती सामुदायिक प्रार्थना. जातपात, लहानमोठा हा भेद न ठेवता सर्वांनी ओळीत, शिस्तीने बसावे, एका सुरात म्हणावे. इथे देह नाचत नाही, स्थिर होतो; आणि शेजारी कोण बसले आहे हे न पाहता बसणे हीच त्याची कृती ठरते.

तिसरे उत्तर गाडगेबाबांचे, आणि तेच सर्वांत खोल जाते. गाडगेबाबांचा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा, जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात, परीट कुटुंबात झाला. गावात आले की ते आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. बाबांना झाडताना पाहून गावकरीही हात लावत. रात्रीच्या कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत: कर्ज काढून सण का करायचे, देवापुढे बकरे का कापायचे, पोराला शाळेत का घालायचे नाही. उत्तर श्रोत्यांनी मोठ्याने द्यायचे. स्वतःच्या तोंडून चारचौघांत निघालेले उत्तर सहज विसरता येत नाही. कावडीत माणूस समुदायात विरतो. या कीर्तनात तो समुदायातून उठून जबाबदार होतो.

या खराट्याचा अर्थ वऱ्हाडाबाहेरच्या एका उदाहरणाने स्पष्ट होतो. जर्मन कलावंत योजेफ बॉइस यांनी १ मे १९७२ रोजी बर्लिनमधला एक चौक मोर्चानंतर झाडला. तो कचरा पुढे कलाकृती म्हणून काचेच्या कपाटात जपला गेला. गाडगेबाबांच्या झाडण्यातून जपून ठेवावे असे काहीच उरत नाही. उरते ती स्वच्छ जमीन. शिवाय ज्या समाजात झाडू काही जातींच्या हाती जन्मानेच दिला गेला, तिथे तो सर्वांनी आपणहून उचलणे हा नुसता प्रतीकात्मक प्रयोग राहत नाही. श्रम आणि हीनपणा यांची घातलेली सांगड त्यामुळे सुटू लागते. हे प्रवचनाने सांगता येते. पण हातात खराटा घेतल्याशिवाय पटत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. देहाचा सहभाग म्हणजे समज नव्हे. गर्दीच्या भरात माणूस काहीही करतो. गाडगेबाबांच्या पद्धतीत या आक्षेपाला दोन आवर घातलेले दिसतात. पहिला प्रश्नाचा: कृतीला विचाराची जोड द्यावीच लागते. दुसरा फळाचा: कृतीचा उपयोग दुसऱ्याला व्हावा. ऋणमोचनचा पूर्णेवरचा घाट आणि ठिकठिकाणच्या धर्मशाळा ही त्याची साक्ष. स्वतःला कोणाचा गुरू न म्हणवणाऱ्या बाबांनी श्रोत्याला शिष्य न करता सहकारी केले.

तेव्हा श्रवण आणि कृती हे भक्तीचे दोन पर्याय नाहीत. ऐकलेले खरोखर पोचले की नाही, याचा पडताळा हातांनी द्यायचा असतो; आणि हातांनी केलेले योग्य होते की नाही, याचा पडताळा पुन्हा ऐकण्या-विचारण्यातूनच मिळतो.