गाडीची पत्रिका

१९६८ सालची फोर्ड मस्टँग स्वतःची ओळख एका क्रमांकातून सांगते. ८आर०२एस१२५५५९ हा क्रमांक घ्या. यातला ८ म्हणजे १९६८चं मॉडेल, आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, ०२ म्हणजे मागे उतरत्या छपराची फास्टबॅक बॉडी, एस म्हणजे ३९० घनइंची व्ही-८ इंजिन, आणि उरलेले आकडे म्हणजे तिचा अनुक्रम. रंग मात्र या क्रमांकात नसतो. तो दारावरच्या छोट्या पत्र्याच्या पट्टीवर असतो, आणि पट्टी काय, काढता येते, बदलताही येते.

म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन उत्खनन करतात. डॅशबोर्डच्या खाली, डिकीच्या अस्तराखाली, दाराच्या आतल्या पॅनलमागे, म्हणजे पुन्हा रंगवणाऱ्याचा हात जिथे सहसा पोचत नाही तिथे, पहिला रंग शोधतात. शेव्हरोलेची कॉर्व्हेट असेल तर पेट्रोलची टाकी खाली उतरवतात, कारण १९६७पासून तिच्या टाकीवर कारखान्यातला ऑप्शन्सचा कागद चिकटवलेला असायचा. मस्टँगवाल्यांचं नशीब त्यामानाने बरं. केव्हिन मार्टी नावाच्या गृहस्थांकडे फोर्डच्या १९६७पासूनच्या उत्पादन-नोंदी वापरण्याचा परवाना आहे. क्रमांक कळवा, पैसे भरा, आणि तुमच्या गाडीची पत्रिका घरी येते: रंग कुठला, सीटचं कव्हर कसलं, रेडिओ होता का, एसी होता का, कुठल्या डीलरकडे गेली, कुठल्या तारखेला तयार झाली.

आता समजा, तुमच्याकडे एक लाल मस्टँग आहे. आधीच्या मालकाने ती लाल रंगवून चाळीस वर्षं चालवली. त्याच्या मुलांनी तिच्या मागच्या सीटवर भांडणं केली, तीही लाल गाडीतच. मग पत्रिका येते आणि सांगते की ही गाडी लाइम गोल्ड होती. हिरवट सोनेरी, आजच्या डोळ्यांना जरा विचित्रच वाटेल असा रंग. अशा वेळी शौकिनांच्या वर्तुळात एक वाक्य ठरलेलं असतं: तिला तिच्या खऱ्या रंगात परत न्या.

माझं अडतं ते या ‘खऱ्या’ शब्दापाशी.

कागदाचं महत्त्व मी नाकारत नाही. साध्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला जीटीचे पट्टे, बॅज आणि मोठं इंजिन चढवून तीच मूळची म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि ती पकडायला ही नोंदच कामी येते. इंजिनाचं अक्षर टी असेल तर ती गाडी कारखान्यातून सहा सिलिंडर घेऊनच निघाली, मालक काहीही म्हणो. भूतकाळाबद्दल कोणी खोटं बोलत असेल तर त्याला गप्प करण्याचा पूर्ण अधिकार कागदाला आहे. पण ‘ही गाडी हिरवी होती’ हे विधान एक, आणि ‘म्हणून ही हिरवीच असली पाहिजे’ हे दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण इतक्या सहज उडी मारतो की उडी मारल्याचं कळतही नाही. आपल्याकडे तर ही सवय जुनीच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कोणा कारकुनाने लिहिलेली तारीख आणि आडनावाचं स्पेलिंग माणसाला आयुष्यभर पुरतं, कधीकधी छळतंही.

शिवाय त्या पहिल्या क्षणात इतकं पवित्र काय असतं, तेही बघू. मार्टींच्या नोंदीत गाडी ग्राहकाने सांगून बनवून घेतली की डीलरने साठ्यासाठी मागवली, हेसुद्धा येतं. साठ्यातली असेल तर तो लाइम गोल्ड कोणाची आवडही नव्हती, ‘या हंगामात हा रंग खपेल’ असा एका विक्रेत्याचा अंदाज होता. त्या अंदाजाला गाडीचा आत्मा म्हणायचं आणि चाळीस वर्षं तिच्यात वावरलेल्या माणसाच्या लाल रंगाला डाग, हा हिशोब मला पटत नाही.

गंमत कॉर्व्हेटवाल्यांची. अमेरिकेत १९७४पासून त्यांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी असावी, हा मापदंड. सुंदर असावी असं नव्हे, तशीच असावी. मग गाडी पुन्हा घडवणारे लोक तपासनिसाने घाईत ओढलेल्या खडूच्या खुणा पुन्हा ओढतात, फवारा चुकून भलतीकडे उडालेला रंग मुद्दाम तसाच उडवतात. कामगाराने शिफ्ट संपताना केलेली हयगय आज कोणीतरी महिनोन्महिने खपून, जीव ओतून करतो. मला याचं हसू येतं आणि कौतुकही वाटतं. पण कामगाराच्या हातून उडालेला थेंब आणि या माणसाने उडवलेला थेंब एकच नाहीत. दुसरा थेंब हे पहिल्याचं उत्तम चित्र आहे.

वर दिलेला क्रमांक मी उगाच निवडला नव्हता. ‘बुलिट’ या १९६८च्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली गडद हिरवी मस्टँग ती हीच. सिनेमावाल्यांनी कारखान्याची गाडी जशीच्या तशी ठेवली नव्हती. बॅज काढले, सस्पेन्शन बदललं, कॅमेरा बसवायला सोय केली. पुढे ती एका कुटुंबाकडे गेली. १९७७मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. घरातल्यांनी ती रोजच्या कामाला वापरली, नंतर कित्येक वर्षं ती नुसती उभी होती. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती गेली, तेव्हा फी धरून ३७ लाख ४० हजार डॉलर मोजले गेले. रंग उडालेला, पत्र्यावर ओरखडे, कोणी नवी केलेली नाही. कारखान्याच्या मापदंडाने ही गाडी नापास. पण तिचे बॅज परत लावा असं म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही.

तिच्या मागचा क्रमांक, ५५८ने संपणारा, चित्रीकरणात उड्या मारणाऱ्या गाडीचा होता. ती मेक्सिकोत मोडकळीला आलेल्या अवस्थेत सापडली. विकत घेणारा तिला दुसऱ्याच एका सिनेमातल्या मस्टँगची नक्कल बनवायला निघाला होता. २०१७मध्ये मार्टींनी तपासून ती कोण आहे ते सांगितलं, आणि काम थांबलं. कागदाचं याहून चांगलं काम मला माहीत नाही. त्याने गाडीला कारखान्यात परत पाठवलं नाही. तिच्यावर काय काय गुदरलं ते पुसलं जाणार होतं, तेवढं त्याने वाचवलं.

ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२मध्ये तुरीनची सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेवरून तिची प्रेरणा घेतलेली आहे. वाहनाचा इतिहास जन्मापाशी संपत नाही, वापरातली वर्षंही त्यात धरायची, असं ती मानते. गाड्या विकणारे मात्र अजूनही ‘मूळ रंगात’ हे शब्द जाहिरातीत सगळ्यात वर टाकतात, कारण किंमत त्यांनीच चढते.

लाल मस्टँगवाल्याला मी एवढंच सांगेन की पत्रिका डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव, विकशील तेव्हा घेणाऱ्याच्या हातात दे, आणि लाइम गोल्ड तुला स्वतःला आवडला असेल तर खुशाल रंगव. आवडला नसेल तर डिकीच्या अस्तराखाली तो आहेच.