कोलिन्यीचे मौन

विश्वासासाठी प्राण वेचलेल्यांमध्ये फ्रान्सचा अॅडमिरल गास्पार द कोलिन्यी (1519-1572) याचे नाव आदराने घेतले जाते. 1557 साली सें-कांतँच्या वेढ्यात तो स्पॅनिश सैन्याच्या हाती सापडला, बंदिवासात पवित्र शास्त्राकडे वळला आणि पुढे फ्रेंच प्रॉटेस्टंटांचा, म्हणजेच ह्यूगनॉट लोकांचा, सेनानी झाला. त्याचा अंत अनेकांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या चरित्रातील एक पान आपल्या विवेकबुद्धीला स्वस्थ बसू देत नाही.

1563 च्या फेब्रुवारीत कॅथलिक पक्षाचा सेनापती ड्यूक फ्रान्स्वा द गीझ हा ऑर्लेआँ शहराला वेढा घालून बसला होता. 18 तारखेच्या सायंकाळी पोल्त्रो द मेरे नावाच्या इसमाने त्याच्यावर दबा धरून गोळी झाडली. सहा दिवसांनी ड्यूक मरण पावला. पकडल्या गेलेल्या पोल्त्रोने कोलिन्यीचे नाव घेतले.

कोलिन्यीने आरोप साफ नाकारला. मात्र त्याने जे कबूल केले ते विलक्षण आहे. पोल्त्रोला आपण हेरगिरीसाठी पैसे दिले होते. गीझला मारणे सोपे आहे असे तो बोलला, तेव्हा आपण त्याला उत्तेजन दिले नाही, तसे परावृत्तही केले नाही. पूर्वी असे बेत कानी आले असता आपण ते मोडून काढले होते. परंतु गीझने आपल्याला ठार मारण्यासाठी माणसे नेमली आहेत असे कळल्यापासून आपण तसे करणे सोडले. एवढ्यावर न थांबता, हा मृत्यू राज्याचे व देवाच्या मंडळीचे मोठेच कल्याण आहे, असेही त्याने राजमाता कॅथरीनला कळविले.

खोटे बोलणारा मनुष्य असे लिहील काय? मला तरी त्याचे शपथपूर्वक म्हणणे खरे वाटते. तथापि, जो खुनास प्रवृत्त करीत नाही, पण ओठ मिटून घेतो, तो निर्दोष ठरतो काय?

आपण म्हणाल, ते युद्ध होते. ऑर्लेआँ पडते तर आतील बांधवांचे काय झाले असते? हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु रणांगणावरील वार आणि दबा धरून केलेला घात यांतील भेद कोलिन्यीला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पूर्वी त्यानेच तो पाळला होता. त्यानंतर देवाची आज्ञा बदलली नव्हती, बदलले होते ते त्याचे दुखावलेले अंतःकरण. स्तेफनाला दगडमार होत असता शौलाने एकही दगड उचलला नाही, केवळ वस्त्रे राखली. तरी त्याची संमती होती हे नमूद करण्यास लूक विसरत नाही, आणि पुढे पौल स्वतःही ते झाकून ठेवीत नाही.

पोल्त्रोला जिवंत ठेवून माझ्यासमोर उभे करा, अशी कोलिन्यीची मागणी होती. 18 मार्चला त्याला देहदंड देण्यात आला. 1566 साली मूलँ येथे राजाच्या मंडळाने कोलिन्यीला निर्दोष ठरविले. ड्यूकच्या विधवेशी त्याचा समेटही घडविण्यात आला. मुलगा हेन्री पित्याच्या मृत्यूसमयी बारा वर्षांचा होता. त्याचे मन काही निवळले नाही. 24 ऑगस्ट 1572 च्या पहाटे, कोलिन्यीचा देह पॅरिसमधील त्याच्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून खाली फेकला गेला, तेव्हा अंगणात हेन्री द गीझ उभा होता.