चिखल टाळणारा पाय

डोंगर चढणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे उगीचच एक चांगला ग्रह आहे. जो पहाटे ऊबदार अंथरूण सोडून कडा चढायला निघतो, तो मनाचाही निर्मळ असणार, असे आपण धरून चालतो. स्वतःविषयी मीही वर्षानुवर्षे तसेच धरून चाललो होतो. गेल्या वर्षी भाद्रपदात कळसूबाईच्या वाटेवर या समजुतीला तडा गेला.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट वर जाते. तरुणपणी मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती वाट एका माणसापुरती होती. मागच्याने पुढच्याच्या टाचा पाहत चढायचे. आता सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याकडची माणसे तिथे जत्रेसारखी लोटतात. त्या दिवशी त्या जत्रेत मीही होतो आणि बरोबर माझी दहा वर्षांची नात होती.

पाऊस नुकताच उघडला होता. वाटेत घोट्याएवढा चिखल. नातीच्या पायात नवे कोरे बूट. आदल्याच दिवशी घेतलेले. मी म्हणालो, “बाजूच्या गवतावरून ये.” ती आली. पुढे वाटेला मोठे वळण होते. मी म्हणालो, “इथून सरळ वर ये, वळसा वाचेल.” तीही आली, आणि आमच्या मागची आठ-दहा मुलेही आली. पांढऱ्या केसांचा माणूस जातो आहे, म्हणजे हीच वाट असणार, असे त्यांना वाटले असावे.

वळणावर एक बाई कणसे भाजत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, ती वाट न्हाई. ती पान्याची हाये.”

मी वळून पाहिले. जिथून आम्ही चढलो होतो तिथे गुडघाभर खोल घळ पडली होती. दोन्ही कडांना गवताची मुळे उघडी लोंबत होती आणि तळाशी काळा खडक दिसत होता. बाई म्हणाली, “आदी हितं समदं गवात व्हतं. आता माती आमच्या खाचरात येती, अन् दगडं बी येत्यात.”

डोंगराची वाट वळणे घेत जाते ती काही चढणाऱ्याची दमछाक वाचावी एवढ्यासाठीच नव्हे. वळणावर पाण्याचाही वेग मोडतो. आपण वळण तोडून सरळ उतरलो की पायाखालचे गवत मरते, माती दडपून टणक होते, पाणी तिच्यात मुरत नाही आणि आयत्या मिळालेल्या उतारावरून ते धावत सुटते. पहिल्या पावसात रेघ, दुसऱ्यात चर, तिसऱ्यात घळ. मग त्या घळीतून चालणे अवघड, म्हणून आपण तिच्या शेजारी नवी वाट पाडतो. सह्याद्रीचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यावर मातीचा थर उतारावर जेमतेम वीतभर असतो. गवताच्या मुळांनी तो धरून ठेवलेला असतो.

घरी येईपर्यंत माझे मन स्वतःची वकिली करीत होते. माझ्या एका पावलाने काय बिघडले? हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. मी गेलो नसतो तरी घळ होतीच. पण हाच हिशेब त्या आठ-दहा मुलांनीही केला असता, तर त्यांचाही बरोबरच आला असता. प्रत्येकाचा हिशेब बरोबर आणि डोंगर मात्र खचलेला. मग चूक कुठे झाली?

मला आईने श्रावणात सांगितलेली खुलभर दुधाची कहाणी आठवली. साऱ्या नगराच्या दुधाने महादेवाचा गाभारा भरत नाही, आणि एका म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो. पुण्याच्या बाबतीत थोडक्यालाही मोल असते, हे आपण किती आनंदाने मान्य करतो! मग दोषाच्या बाबतीतच आपले थोडके हिशेबातून का गळावे?

कोणी म्हणेल, मग डोंगरावर जाऊच नये. हे मला पटत नाही. नवरात्रात आसपासच्या गावच्या बायका देवीला वर जातात. त्या कणीसवाल्या बाईचे चार पैसे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आहेत. शिवाय मुळात वाट झाली तीही पावलांनीच. फरक इतकाच की पावलावर पाऊल पडले म्हणजे वाट होते, आणि प्रत्येकाने आपला पाय वेगळा टाकला म्हणजे डोंगर मोडतो. मळलेली वाट सोडणाऱ्याचे आपण भाषणांतून फार कौतुक करतो. डोंगरावर मात्र मळलेल्या वाटेने, तिच्यातल्या चिखलासकट चालणे, यातच नम्रता आहे.

कळसूबाईची एक कथा सांगतात. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी तेच काम तिला लावले गेले, आणि ती रुसून या डोंगरावर निघून गेली. त्या मानी मुलीच्या दारात आपण कागद आणि बाटल्या टाकून येतो! तरी केर एक वेळ कोणी पाठीवर घेऊन खाली आणील. वाहून गेलेली माती वर कोण नेणार?

उतरताना आम्ही वळण तोडले नाही. चिखल आला तेव्हा नातीने माझ्याकडे पाहिले. मी आधी पाय घातला, मग तिने. बुटांची जी दशा झाली, तिच्याबद्दल सुनेची बोलणी आम्ही दोघांनी समसमान वाटून घेतली.

त्या दिवाळीत नातीने अंगणात मातीचा किल्ला केला. अळीव पेरले, मावळे मांडले. शेजारचा छोटा बोटाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ रस्ता ओढू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

“तसा नको,” ती म्हणाली, “पाणी शिंपडलं की सगळं वाहून जाईल. वळसा घाल.”