पगारापलीकडचे देणे

"सैनिक पगार घेतो, मग उपकार कसले?" हा प्रश्न आमच्या विंचुरात, कांद्याच्या बाजाराजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर, अधूनमधून ऐकू येतो. विचारणारा वाईट माणूस असतो असे नाही. आम्हा शिक्षकांनाही लोक हेच ऐकवतात, म्हणून की काय, हा प्रश्न हसून सोडून देणे आम्हांला जमत नाही.

आमचे गाव सरदार विंचूरकरांमुळे ओळखले जाते. विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढले. 14 जानेवारी 1761 रोजी त्याच रणांगणावर इब्राहिमखान गारदी होते. खानसाहेब तर उघड उघड पगारी. पूर्वी निजामाकडे चाकरी केलेले, नंतर पेशव्यांकडे आलेले. त्यांच्या पलटणी रोख पगारावर लढत. त्या दिवशी गोलाची लढाई ठरली होती, म्हणजे तोफा-बंदुकांच्या आधाराने सर्वांनी मिळून सरकायचे. इतिहासकार सांगतात की गारदी रोहिल्यांना मागे रेटत असताना विंचूरकर व गायकवाड यांचे घोडदळ गोल सोडून पुढे धावले आणि मार खाऊन मागे फिरले. विंचूरकर रणातून परतले. खानसाहेब जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले व मारले गेले. विंचुरात बसून हे लिहिताना आम्ही जपून लिहितो आहोत. मोडलेल्या फौजेतून जिवंत परतणे हा काही गुन्हा नव्हे; परतलेल्यांनीच पुढे राज्य सावरले. पण खानसाहेबांच्या त्या शेवटच्या प्रहराचा पगार किती धरायचा? पगार असतो तो कवायतीचा, पहाऱ्याचा, मुक्कामाचा. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा पराभव डोळ्यांसमोर दिसत असताना तोफांपाशी उभे राहण्याचा दर कोणत्याच वहीत लिहिलेला नसतो. आपले देणे लागते ते तिथून पुढचे.

हे देणे आपण फेडतो कसे? आमच्या उर्दू शाळांतून 26 जानेवारीला हवालदार अब्दुल हमीद यांची तसबीर लागते. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या शिंप्याचा हा मुलगा. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरण भागात जीपवरच्या तोफेने त्याने पॅटन रणगाडे फोडले आणि तिथेच तो शहीद झाला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मुले जोशात भाषणे करतात, टाळ्या पडतात. पण ती भाषणे लिहून देणारे आपणच असतो, आणि त्यांतला सूर नीट ऐकला तर वाटते, आपण बोलतो आहोत कोणाशी? समोरच्या मुलांशी, की भिंतीपलीकडे कान लावून बसलेल्या कोणाशी? 'पाहा, आमच्यातलाही होता!' 3 जुलै 1948 रोजी झांगड येथे शहीद झालेल्या ब्रिगेडियर महंमद उस्मान यांचे नावही आपण याच कामाला लावतो.

संशयाने पाहिले जाते म्हणून असे बोलावे लागते, हे खरे. त्याचा सल आम्हांलाही आहे. परंतु संशयाला उत्तर द्यायचे तर आपल्या तोंडाने द्यावे. हमीद रणगाड्यांसमोर गेले ते आपल्या वतीने साक्ष द्यायला नव्हे. त्यांचे मरण आपल्या दाखल्याच्या अर्जाला जोडले, की त्याला शुक्रगुजारी म्हणता येत नाही. उलट आपण त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेतो, आणि तेही बिनपगारी.

खानसाहेब तोफांचे सरदार. आज आमच्याच जिल्ह्यात, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात, पोरे तोफ चालवायला शिकतात. 2022 पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांनी त्यांतला फार तर चौथा हिस्सा सैन्यात कायम होतो. बाकीचे ऐन विशी-पंचविशीत घरी परततात. ना शहीद, ना पेन्शनर. त्यांची तसबीर कोणी लावणार नाही. टपरीवर त्यांनाही कोणी विचारील, "पगार घेतलास ना?" दुकानावर नोकरीला ठेवताना, खोली भाड्याने देताना, मुलीसाठी स्थळ पाहताना आपण त्यांना काय म्हणणार आहोत? त्यांतला एखादा आमच्याच वर्गात बसून गेलेला असेल.