काला अंब आणि चार लाख रुपये

काला अंबला पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. रिक्षावाल्यानं फाटकाशी सोडलं आणि विचारलं, "महाराष्ट्र से?" मी मान डोलावली. इथं उतरणारा माणूस मराठी असणार, हे त्याला पाठ झालं असावं. आत विटांचा एक स्तंभ, त्याभोवती लोखंडी कुंपण, बाजूला राखलेली बाग. आंबा नाही. तो केव्हाच वाळला. पानिपतच्या लढाईत रक्तानं माती भिजून झाड काळं पडलं, अशी त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त लागली. ते वाळलेलं झाड म्हणे सुगनचंद नावाच्या एका रईसानं विकत घेतलं आणि त्याच्या लाकडाचे दरवाजे करवले. पानिपतच्या संग्रहालयात ते ठेवलेले आहेत.

म्हणजे ज्या जागेच्या नावानं आमच्याकडे अजून उसासा टाकतात, तिथल्या लाकडाचाही कुणीतरी भाव केला होता. राग यायला हवा होता, पण आला नाही. मीही तिथं भाव करायलाच गेलो होतो.

जानेवारी २०२१. संक्रांतीला चार दिवस राहिले होते. सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. लॉकडाऊननंतर शटर उघडलं, पण निम्मे साचे उभेच राहिले आणि हिशेब लिहायला मालकाचा पुतण्या पुरेसा झाला. हातात चार लाख आले. वय बावन्न. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी आकसल्याचं पेपरात आलं होतं. मी तो आकडा कापून वहीत ठेवला होता, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित आपण एकटेच बुडालो नाही, याचा दाखला म्हणून.

आमच्या वडिलांचा एक शब्द होता. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली त्या दिवशी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "पानिपत झालं." आम्ही मराठी माणसं दिवाळं निघालं तरी पानिपत म्हणतो, परीक्षेत नापास झालो तरी पानिपतच. त्यामुळे धंदा शोधायला मी पानिपतला निघालो, तेव्हा मेव्हणा तोंड दाबून हसला. "दाजी, बुडायचंच तर सोलापुरात तलाव आहे की."

या मेव्हण्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या डोक्यातला प्रश्न त्यानंच पेटवला. २०२० च्या मार्चमध्ये त्यानं मास्क आणि सॅनिटायझरचा धंदा काढला. सरकारनं तीनपदरी मास्कला दहा रुपये आणि २०० मिलि सॅनिटायझरला शंभर रुपये अशी कमाल किंमत लावली होती. त्याचा माल त्याहून वर जायचा की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पैसे मात्र झाले. डिसेंबरात आमच्याकडे जेवायला आला होता. टीव्हीवर जिल्ह्याचे आकडे लागले. रुग्ण कमी. माझी बायको म्हणाली, "सुटलो बाई." आणि मी त्याचं तोंड बघितलं. क्षणभरच, पण उतरलं. घरात त्याचे साठ खोके पडून होते. मग त्यालाच ते जाणवलं. घाईघाईनं "हो, हो, बरं झालं" म्हणाला आणि आमटी पुन्हा वाढून घेतली. वाईट माणूस नाही तो. वडिलांच्या आजारपणात रात्रभर माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकड्यावर बसला होता. धंदाच असा निवडला, की रोज सकाळी उठून देवाकडे काय मागायचं, ते त्या खोक्यांनी ठरवून टाकलं.

मंदीत कुठला धंदा काढावा, यावर सगळे एकच विचारतात : काय खपेल? औषधं खपतील, किराणा खपेल, दुरुस्ती खपेल, तारणावर पैसे द्यावेत. सगळं बरोबर आहे. पण टंचाईच्या दिवसांत खपणाऱ्या बऱ्याचशा वस्तू कुणाच्या तरी अडचणीला चिकटलेल्या असतात. मग मी अडचण भागवतो आहे की अडचण टिकावी म्हणून बसलो आहे? बाहेरून दोन्ही दुकानं सारखीच दिसतात.

पानिपतला मी ब्लँकेटांसाठी गेलो होतो. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी इथं माग उभे केले. खेस आणि दरीपासून सुरुवात होऊन पुढं हे शहर जगाच्या जुन्या कपड्यांचं गाव झालं. परदेशातले टाकलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी येतात. ते तसेच विकता येऊ नयेत म्हणून आधी कापलेले असतात. रंग वेगळे करायचे, यंत्रात घालून कापड फाडून पुन्हा तंतू करायचे, पिंजायचे, सूत काढायचं आणि ब्लँकेट विणायचं. रंगवायची गरज नाही, लालातून लाल निघतं. याला शॉडी म्हणतात. हा उद्योगही टंचाईतूनच जन्मला. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ यानं तो काढला, नेपोलियनच्या लढायांमुळे लोकर महागली होती तेव्हा. पुढं अमेरिकेच्या यादवी युद्धात या कापडाचे गणवेश अंगावर फाटू लागले आणि इंग्रजीत शॉडी म्हणजे भिकार असा अर्थ रुजला. आमच्या पानिपतासारखंच झालं ते, नावाचा वाक्प्रचार होऊन बसला.

एका गोदामात बाया ओळीनं जमिनीवर बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं पाट्याला ठोकलेलं उभं पातं. एकीनं निळा कोट उचलला, पात्यावर धरून ओढला, अस्तर सुटलं. दुसऱ्या ओढीला चेन निघाली. मग बटणं, टक् टक् टक्, डब्यात. खिसा उलटा केला, त्यातून कसलंसं तिकीट पडलं, ते बघितलंसुद्धा नाही. एका कोटाला मिनिटभरही लागलं नसेल. हवेत निळी रुई तरंगत होती आणि तिच्या भुवया निळ्या झाल्या होत्या. तोंडाला ओढणी. मास्क गावातल्या बाजारात टांगलेले होते, इथं एकीच्याही तोंडाला नव्हता.

मालक गल्ल्यावर चहा पाजत म्हणाले, "भाईसाब, हमारा माल दो चीज़ से चलता है, ठंड से और आफ़त से." भूकंप, पूर, निर्वासितांच्या छावण्या, मदत संस्थांना असं स्वस्त जाड ब्लँकेट हवं असतं. अलीकडे पॉलिस्टरच्या फ्लीसनं तो बाजारही बराच खाल्ला, हे त्यांचं गाऱ्हाणं. मी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होतो. मेव्हण्याचं उतरलं तसं यांचं उतरतं का? तसं काही दिसलं नाही. इतकी वर्षं झाल्यावर दिसतही नसेल.

माझा बेत होता पाचशे नग न्यायचे आणि सोलापुरात मंगळवार बाजारात बसायचं. भाव ठरत आला होता. मग त्यांनीच हिशेब सांगितला, "आपके यहाँ चद्दर महँगी है, ये आधे में जाएगी." ती चादर कोण विणतं, ते मला ठाऊक होतं. त्यातल्या तिघांच्या पगाराच्या पावत्या मी लिहिल्या होत्या. गिऱ्हाइकाची थंडी भागेल हे खरंच. गरिबाला अर्ध्या भावात पांघरूण देणं हे काही पाप नव्हे. पण ते पाचशे नग उचलले असते, तर माझी रोजची प्रार्थना काय झाली असती, ते मला त्या गल्ल्यापुढंच दिसलं.

भाव मोडून मी काला अंबला आलो, तो असा.

गीतेत एक शब्द आहे, आरंभ. धंदा सुरू करणाऱ्यानं तो जरूर बघावा. बाराव्या अध्यायात आणि पुन्हा चौदाव्यात कृष्ण त्याची थोरवी सांगतो, ज्यानं सगळे आरंभ सोडले. मग अठराव्यात, अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात, म्हणतो की सगळे आरंभ दोषानं वेढलेले असतात, विस्तवाला धूर असतो तसे. म्हणून दोष आहे एवढ्यावरून आपलं कर्म टाकू नकोस. सोडणाराही थोर आणि न सोडण्याचाही आदेश. पंडित याची सांगड घालतात, फळाची आस सुटली की आरंभ सुटल्यातच जमा वगैरे. मला ती सांगड गुळगुळीत वाटते. चार लाख खिशात असलेल्या माणसाला फळाची आस सोड म्हणणं म्हणजे भाड्याची तारीख विसर म्हणण्यासारखं आहे. शिवाय गीतेतलं ते कर्म जन्मानं आलेलं आहे, आणि जन्मानं आलेल्या कर्माचा हिशेब या देशात कुणाच्या पाठीवर लिहिला गेला, ते सगळ्यांना माहीत आहे. पण धुराचा दृष्टान्त खरा आहे. बिनधुराचा धंदा शोधत बसलो असतो, तर चार लाख खाऊन संपले असते.

आमच्याकडे दुसरी वाट तुकोबांची सांगतात. दुष्काळात दुकान बुडालं, बायको अन्नावाचून गेली, नंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं इंद्रायणीत सोडून दिली. ऐकताना गळा दाटतो. पण त्याच गोष्टीत अर्धी खतं धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाटणीला दिलेली आहेत. कान्होबा ती घेऊन प्रपंचाला लागला. त्या अर्ध्यावर कुणी कीर्तन करत नाही. मराठी मनाला धंदा बुडवणारा साधू आवडतो, चालवणारा दिसतच नाही. मी तर कान्होबाच्याच पंगतीतला.

आई घरात कानडी बोलायची. तिच्याकडून मी बसवण्णांच्या काळच्या शिवभक्त शरणांच्या गोष्टी ऐकल्या. कायक म्हणजे हातानं केलेलं प्रामाणिक काम, आणि तोच कैलास. ते जन्मावर ठरत नाही. आमच्या सिद्धरामानं सोलापुरात तलाव खोदवला तो याच वाटेवरचा. तिची आवडती गोष्ट आयदक्की मारय्याची. हा माणूस बसवण्णांच्या कल्याणमध्ये सांडलेले तांदूळ वेचायचा, तेवढंच त्याचं कायक. एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आला. बायको लक्कम्मा म्हणाली, आपल्याला लागतात त्याहून हे जास्त आहेत, जिथले तिथं ठेवून या. आई गोष्ट तिथंच थांबवायची आणि पदरानं ओटा पुसायला लागायची.

काला अंबच्या त्या स्तंभाभोवती मी दोन फेऱ्या मारल्या. इथं अडीच महिने दोन फौजा समोरासमोर बसल्या होत्या. त्याआधी भाऊसाहेबांनी दिल्लीच्या किल्ल्यातल्या दरबारी दालनाचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, सुमारे नऊ लाखांची. तेवढ्यानं काय पुरणार? रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणीत उपास सुरू झाले. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज बाहेर पडली. आणि पराभवाची बातमी पेशव्याला कळली ती सावकारी पत्रातून, अशी आठवण सांगतात : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेबच नाही. शाळेत हे वाचताना मोती म्हणजे कोण, एवढंच बाई विचारायच्या. त्या सकाळी मी हिशेबनिसाच्या नजरेनं बघितलं, तर रुपये आणि खुर्दा तेवढे न मोजलेले राहिले होते.

घरी आलो. त्या वर्षी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मोजक्या माणसांत व्हायची होती, गड्डा रिकामा. फेब्रुवारीत मी धंदा काढला. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांच्या कटिंग टेबलाखाली पडणाऱ्या चिंध्या मी किलोवर घेतो, बाया रंग वेगळे करतात, गाठोडी बांधून पानिपतला पाठवतो. त्याच मालकांकडे. बायांना मास्क मी देतो. मेव्हण्याचे साठ खोके असे कामी आले. त्यानं पैसे घेतले, पण खरेदीच्याच भावानं.

पहिलं वर्ष वाईट गेलं. शाळा बंद, गणवेश नाहीत, तर चिंध्या कुठून? पण सिद्धेश्वरापुढं उभं राहून मी मोठ्यानं म्हणू शकत होतो, "देवा, शाळा उघडू देत." शेजारची आजी वळून म्हणाली, "हो बाबा, नातू मोबाइलनं आंधळा व्हायचा." मेव्हण्याला ही सोय नव्हती.

आता शाळा उघडल्याला काही वर्षं झाली. धूर आहेच. कटिंग मास्तर मुरलेला असला की चिंध्या कमी पडतात. एका कारखान्यात मास्तर रजेवर गेला आणि जागी नवखा पोरगा आला, त्या आठवड्यात माझा काटा वर गेला. घरी येताना मी शीळ घालत होतो. दारात पोचल्यावर ते ध्यानात आलं.

त्याच आठवड्यातल्या गाठोड्यातून बायकोनं खाकी कापडाचा सलग तुकडा बाहेर काढला, अडीच मीटर, कुठं कात्री लागलेली नाही. चुकून खाली सरकलेला. तिनं घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. परत न्यायला निघालो आणि जिन्यातच थांबलो. नेऊन दिला, तर मालक विचारणार, टेबलावर कोण होतं? पोरगा बार्शीकडचा, घरात बहिणीचं लग्न. वर आलो. ती म्हणाली, "अहो, मग ठेवायचा का?" मी काही बोललो नाही. तुकडा फळीवर आहे. मास्तर सोमवारी येतो म्हणालेत. मालक नसताना त्यांच्या हातात देईन म्हणतो.