मैदानावर न मोजली जाणारी पात्रता

२०२३ च्या सुरुवातीला मुंबई अग्निशमन दलाच्या ९१० जागांसाठी दहिसरच्या मैदानावर भरती झाली, तेव्हा राज्यभरातली मुलंमुली रांगेत उभी राहिली. बारावीची गुणपत्रिका, पुरुषांसाठी १७२ सेंटिमीटर उंची, महिलांसाठी १६२, धावणं, १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडी. या कसोट्या हव्यातच. बेशुद्ध माणूस खांद्यावर टाकून जिना उतरायचा तर अंगात बळ लागतं. पण ही पात्रता विशीतल्या शरीराची झाली. पुढची तीस वर्षं जे लागतं ते अनुभवाने येतं, आणि त्या अनुभवाची किंमत आपल्या पालिकांना कळलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

बीए सेट, म्हणजे श्वसनासाठी हवेचा सिलिंडर, पाठीवर घेऊन धुरात शिरणाऱ्या जवानाकडे पाहा. सिलिंडरमध्ये कागदोपत्री अर्ध्या तासाच्या आसपास हवा असते. पायऱ्या चढाव्या लागल्या, घाबरून श्वास वाढला, की ती कितीतरी आधी संपत येते आणि शिट्टी वाजू लागते. नवखा जवान तेव्हा परतीचा विचार करतो. मुरलेला माणूस आत शिरतानाच गेजवर नजर ठेवून हिशेब मांडत असतो: येताना लागली त्याहून जास्त हवा जाताना लागेल, कारण तेव्हा कुणालातरी ओढत न्यायचं असेल. बंद दाराच्या फटीतून धूर बाहेर येतोय आणि पुन्हा आत ओढला जातोय, हे त्याच्या लक्षात येतं. असं दार घाईने उघडलं तर आत कोंडलेल्या तापलेल्या वायूंना हवा मिळते आणि स्फोटासारखा भडका उडतो. पलीकडे माणसं ओरडत असताना दारापाशी क्षणभर थांबायचं धैर्य कुठल्या मैदानावर तपासणार?

मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने मुंबई दलाचे चार अधिकारी नेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांत होते. त्यांची पदं भरता आली. जुन्या इमारतींचे लाकडी जिने आणि अरुंद गल्ल्या ज्यांना पाठ होत्या, ती माणसं मात्र परत मिळाली नाहीत.

आता मुंबईबाहेर बघा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली आहे, त्यामुळे पगार, बढती, साधनं, सगळं त्या त्या पालिकेच्या तिजोरीवर अवलंबून. मोठ्या महापालिकेत फायरमनला तांडेल, स्टेशन ऑफिसर अशी वर जायची वाट असते. लहान नगर परिषदेत एखादा बंब, त्याचा चालक आणि मोजके जवान. तेही पुष्कळदा ठेकेदाराने पुरवलेले. ठेका संपला की माणूस घरी जातो आणि गावातला कुठला हायड्रंट कोरडा, कुठल्या बोळात बंब वळत नाही, ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. वर्षानुवर्षं ठेक्यावर राबलेल्यांना कायम करा, ही मागणी म्हणूनच जितकी जवानांची, तितकीच गावाची आहे.

या वाटेला यायचं ठरवलेल्या मुलामुलींनी मान्यताप्राप्त प्रशिक्षणच घ्यावं. महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या अकादमीत अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. अधिकारी व्हायचं तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. तिथे २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्याच मुलीने प्रवेश घेतला, तोवर एकही मुलगी शिकलेली नव्हती. ‘शंभर टक्के नोकरी’चा फलक लावणाऱ्या संस्थेत आईवडिलांची बचत ओतण्याआधी तिचं प्रमाणपत्र सरकारी भरतीत चालतं का, हे जाहिरातीतल्या अटींशी ताडून पाहा.

नोकऱ्या फक्त बंबावरच असतात असंही नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने मोठ्या इमारतींच्या मालकांना दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करणं बंधनकारक केलं आहे. हे काम मन लावून करायचं तर शिकलेली माणसं लागतात. कारखान्यांना लागतात, मॉलना लागतात, आणि सर्वांत आधी रुग्णालयांना. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत दहा बाळं दगावली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अग्निसुरक्षेचा पूर्णवेळ अधिकारी असावा, त्याचं पद कायम असावं, आणि कक्षातली धोकादायक यंत्रणा बंद करायला लावण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला असावा.