पोरांनी चढवलं



आजचा श्लोक: गीता ३.३६. अर्जुन विचारतो, इच्छा नसतानाही माणूस पाप का करतो, कुणी ढकलल्यासारखा?

काल ‘दहावी फ’ (२००२) परत पाहिला. अपमानाने पेटलेली पोरं मिळून शाळेची प्रयोगशाळा फोडतात. मला कवठे महांकाळमधली माझी नववी आठवली. मित्रांसोबत एका आजींच्या कौलांवर दगड मारले होते. सापडल्यावर म्हणालो, ‘पोरांनी चढवलं.’

पुढच्याच श्लोकात कृष्ण उत्तर देतो. त्यात संगतीचं नाव नाही. काम आणि क्रोध आहेत. दगड मित्राने दिला खरा, पण टोळीत भाव खायची हाव माझीच होती.

सिनेमातले सर नुसतं माफ करत नाहीत, प्रयोगशाळा पुन्हा उभी करायला पोरांनाच कामाला लावतात. मी ती कौलं कधीच बसवून दिली नाहीत. आता आजी नाहीत. नुसत्या जपाने हे फिटेल असं मला वाटत नाही.

तुमचं एखादं कौल अजून बसवता येत असेल, तर आजच बसवा.